स.न.वि.वि. सर्व वाचणाऱ्यांस

मराठी इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध पत्र हे दुसऱ्याचं पत्र आहे. पानिपतावर काय झालं ते नानासाहेब पेशव्यांना कळलं जानेवारी १७६१ मध्ये, नर्मदेच्या आसपास, आणि तेही एका सावकारी जासुदाकडून. जासूद पानिपताहून औरंगाबादला निघाला होता, नऊ दिवसांत पोचवायच्या बोलीवर. पत्र सावकारांचं, मजकूर सावकारांचा, पत्ता औरंगाबादचा. पेशव्यांनी ते फोडून वाचलं, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहून गेला आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा यांची त्यातली सांकेतिक भाषा शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. त्या दुःखात हसण्यासारखं काही नाही. पण इतक्या वर्षांत एकाही मराठी माणसाने विचारलेलं नाही, की औरंगाबादच्या त्या सावकाराचं पुढे काय झालं? त्याला त्याचं पत्र मिळालं का? मिळालं तर फोडलेलं मिळालं का? आणि नऊ दिवसांची बोली मोडली म्हणून त्याने जासुदाची मजुरी कापली का? सावकार म्हटल्यावर ही शेवटची शक्यता मला दाट वाटते.

हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण दुसऱ्याचं पत्र वाचणं ही आपल्याकडे विद्या आहे. १८९८ साली हिंदुस्थानात दोन गोष्टी घडल्या. इंग्रज सरकारने पोस्ट ऑफिसचा नवा कायदा केला आणि रयतेचं टपाल अडवायचा अधिकार त्यात स्वतःसाठी राखून ठेवला. आणि त्याच वर्षी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. सरकारला लोकांची पत्रं गुपचूप वाचायची होती. राजवाड्यांना जुनी पत्रं छापून सगळ्यांना वाचायला द्यायची होती. पुढे एकूण बावीस खंड झाले. आपली कर्जं, आपले रुसवे आणि आपल्या सोयरिकी दीडशे वर्षांनी कुणीतरी तळटीपा देऊन छापणार आहे, याची कल्पना असती तर ती पत्रं लिहिणाऱ्यांनी निदान हिशेब तरी नीट लिहिले असते.

पुढे १८७९ सालापासून मिळणारं पाव आण्याचं पोस्टकार्ड घराघरात पोचलं तेव्हा तर फोडायचीही गरज उरली नाही. पोस्टमन कार्ड हातात देता देताच ‘मुलगी झाली, दोघी सुखरूप’ असं सांगून टाकायचा आणि पेढ्यांसाठी थांबायचा. ज्यांना अब्रू जपायची होती ते आंतरदेशीय वापरायचे, पण तेही दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून त्याची नळी केली की आतल्या चार-सहा ओळी सहज दिसत. आमच्या वाड्यात ही कला अवगत असलेल्या तीन व्यक्ती होत्या आणि तिघींमध्ये पाठभेद असायचा.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. त्यामुळे पत्रव्यवहार खासगी झाला असं आपल्याला वाटलं. प्रत्यक्षात पोस्टमनच्या जागी सायबर कॅफेवाला आला, एवढंच. न्यू जर्सीतल्या मुलाचा मेल तो उघडायचा, डॉट मॅट्रिक्सवर छापायचा आणि वडिलांच्या हातात कागद ठेवताना म्हणायचा, “काका, काळजीचं कारण नाही, व्हिसा झालाय. सूनबाईंचं काय ते मात्र त्यांनी नीट लिहिलेलं नाही.” काका पानाचे दहा रुपये देऊन वर त्याचा सल्ला घ्यायचे.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तरी ईमेलचा पिंड खासगीपणाचा नाहीच. तो ज्या नियमावलीवर चालतो ती मुळात १९८२ सालची, आणि तिच्यात मजकूर झाकायची सोयच नव्हती; तो उघडाच जायचा. आता बहुतेक मेलना प्रवासात कुलूप असतं, पण मुक्कामाच्या गोदामात किल्ली कंपनीकडे असते. जीमेल १ एप्रिल २००४ला एक गीगाबाइट जागा फुकट घेऊन आलं तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. जागा खरी निघाली. मोबदल्यात आपले मेल गूगलचं यंत्र वाचणार आणि त्यावरून शेजारी जाहिराती लावणार, हेही खरं निघालं. तुम्ही भावाला लिहिलंत की आईचे गुडघे फार दुखतात, तर बाजूला तेलाची जाहिरात यायची. भावाचं उत्तर यायचं नाही, तेल मात्र हजर.

२०१७ साली गूगलने जाहीर केलं की यापुढे जाहिरातींसाठी मेल वाचणार नाही. जगभर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तसं वाटलं नाही. मी लांब मेल लिहितो, परिच्छेद पाडून लिहितो, शुद्धलेखन तपासतो. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कंटाळा न करता, प्रत्येक शब्दाला किंमत देऊन वाचणारा एकच वाचक मला लाभला होता आणि तोही गेला. स्पॅम आणि विषाणू शोधायला यंत्र अजून नजर टाकतं म्हणतात, पण ती नजर वाचकाची नव्हे.

राहता राहिलं सरकार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कुठल्याही संगणकातली माहिती पाहण्याचा आदेश देऊ शकतं आणि २० डिसेंबर २०१८ला गृहमंत्रालयाने असे अधिकार असलेल्या दहा यंत्रणांची यादीच काढली. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी त्या सुमारास वर्तमानपत्र हातात धरून मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “आपलेही वाचतात का हो?” आवाजात धास्ती नव्हती, आशा होती. मला मात्र दया येते ती दिल्लीत बसलेल्या त्या अधिकाऱ्याची, ज्याच्या वाट्याला महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे मेल येत असतील. पाण्याच्या टाकीची सफाई, या विषयावर एकाचं पत्र, त्यावर सत्तावन्न रिप्लाय ऑल, त्यांतले चाळीस नुसतेच ‘सहमत’, एक ‘मी तर हे १९९४ पासून सांगतोय’, आणि शेवटी एकाने चुकून सगळ्यांना पाठवलेली त्याच्या मेव्हण्याच्या मूळव्याधीची फाइल. देशविघातक काही सापडायच्या आत त्या माणसाने बदली मागितली असेल.

सरकारची ही हौस जुनीच आहे. १९८६ साली टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारं एक दुरुस्ती विधेयक संसदेने मंजूर केलं आणि सहीसाठी राष्ट्रपती झैलसिंग यांच्याकडे पाठवलं. राष्ट्रपतींनी सही करावी, सही नाकारावी किंवा विधेयक परत पाठवावं, अशी राज्यघटनेची अपेक्षा. पण सही किती दिवसांत करायची ते घटनेत लिहिलेलं नाही. झैलसिंगांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. फाइल ठेवून देण्याची जी कला सरकारने रयतेवर इतकी वर्षं वापरली ती सरकारवरच उलटलेली पाहण्याचं भाग्य या देशाला फार थोड्या वेळा लाभलंय.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे ठरायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी घटनेत असा हक्क दिसत नाही असं म्हटलेलं असल्याने या वेळी नऊ बसले. नऊही जणांचं एकमत झालं. निकाल ५४७ पानांचा आहे, आणि त्यातलं प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं आहे. त्यात त्यांनी आणीबाणीतला १९७६चा एक निकाल चुकीचा ठरवला, ज्यात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड बहुमताच्या बाजूला होते. मराठी घरात मुलाला ‘बाबा, तुमचं तेव्हा चुकलं’ एवढं म्हणायला एकेचाळीस वर्षं आणि सर्वोच्च न्यायालय लागतं, हे मी घरी वाचून दाखवलं. चिरंजीवांनी मान वर न करता विचारलं, “अपील कुठे करायचं?”

तर हक्क मिळाला. आता तो ठेवायचा कुठे?

बँकांनी आणि ईमेल कंपन्यांनी एके काळी एक युक्ती काढली होती. पासवर्ड विसरलात तर आम्ही तुम्हाला असा प्रश्न विचारू, ज्याचं उत्तर जगात फक्त तुम्हालाच माहीत असेल: आईचं माहेरचं आडनाव. हे ज्याला सुचलं तो आपल्याकडच्या लग्नाला कधी आलेला नसावा. पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ मसालेभात वाढून व्हायच्या आत विचारतो, “आपल्या मातोश्री माहेरच्या कोण?” सांगितलं नाही तर तो दुखावतो, सांगितलं तर तो नातं काढतो. मूळ गाव, शाळा, पहिली नोकरी, जन्म कुठला, हे सगळं जिलबीच्या आत होतं. मठ्ठा येईपर्यंत त्याच्याकडे तुमचा ईमेल उघडण्याइतका ऐवज जमलेला असतो, फक्त त्याला त्याची कल्पना नसते. आणि ज्यांना पंगत गाठता येत नाही त्यांच्यासाठी लग्नपत्रिका आहे. तिच्यात मुलाचं पूर्ण नाव, शिक्षण, आईवडिलांची नावं, गाव, आणि खाली निमंत्रकांत मामा, आडनावासकट. आईचं माहेरचं आडनाव जाड कागदावर, सोनेरी गणपतीच्या पायाशी, पाचशे प्रती.

अमेरिकेत २००८ साली उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा याहू मेल एका विद्यार्थ्याने असेच प्रश्न सोडवून उघडला. जन्मतारीख, पिन कोड, नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली, ही उत्तरं त्याने इंटरनेटवर शोधली. त्याला शिक्षा झाली. आपल्याकडे एवढी चौकशी करू शकणाऱ्या माणसाला लोक मान देऊन मध्यस्थीला बोलावतात.

पण खरा खजिना ना दिल्लीत आहे, ना कॅलिफोर्नियात. तो तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. काचेवर स्केचपेनाने दुकानाचा जीमेल पत्ता लिहिलेला असतो. त्यावर पाठवायचं आणि प्रिंट घ्यायची, पानाला पाच रुपये. त्या एका इनबॉक्समध्ये सगळी पेठ नांदते. आधार, पॅन, सातबारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला (आणि त्याच घरातली दाखल्याशी न जुळणारी गाडीची पावती), रक्ताचे रिपोर्ट, दहावीच्या गुणपत्रिका, घटस्फोटाचे मसुदे, आणि त्याच जोडप्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या हॉल बुकिंगचीही पावती. हा मजकूर पुसायची कुणालाच आठवण होत नाही. उद्या राजवाडे परत आले तर त्यांनी वाईच्या वाड्यांमधली दप्तरं शोधत फिरू नये. या दुकानातल्या पोराशी मैत्री करावी.

तिथला संवाद ऐकण्यासारखा असतो.

“काकू, आधारची पीडीएफ उघडत नाही. पासवर्ड?”

“मला काय माहीत? मुलाने पाठवलंय.”

“नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल.”

काकूंनी मघाशीच आधारचे बारा आकडे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे वाचून दाखवलेले असतात. पॅन नंबर, मोबाइल नंबर, मुलाचा पगार, सगळं सांगून झालेलं असतं. जन्मसालापाशी मात्र त्या थांबतात, मागे वळून रांग पाहतात, आवाज उतरवतात आणि म्हणतात, “कागद दे इकडे. लिहून देते.” नऊ न्यायमूर्तींनी दिलेला हक्क मी प्रत्यक्ष बजावला जाताना पाहिला तो एवढाच.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका प्रसिद्धिपत्रकाने लोकांना सांगितलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही सरसकट देऊ नका आणि इंटरनेट कॅफेतल्या संगणकावर ते उतरवून घेणं टाळा. देशभर घबराट पसरली, कारण तोवर आधारची झेरॉक्स सिमकार्डवाल्याला, लॉजवाल्याला, शाळेला आणि गॅस एजन्सीला देऊन झालेली होती. दोनच दिवसांत पत्रक मागे घेतलं गेलं आणि नेहमीचा सुज्ञपणा बाळगा, असा सुधारित सल्ला आला. नेहमीचा सुज्ञपणा आमच्याकडे होताच. त्याचीही झेरॉक्स काढून ठेवली आहे.

पासवर्ड नावाची चीज घराघरात कशी वावरते तेही पाहण्यासारखं आहे. ज्येष्ठ नागरिकाचं ईमेल खातं त्याने स्वतः काढलेलं नसतं; फोन विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने काढलेलं असतं. त्यामुळे पासवर्ड त्या मुलाला माहीत असतो आणि रिकव्हरीचा नंबर पुतण्याचा असतो. पुढे तेच खातं आजी, आत्या आणि बंगळुरूचा नातू मिळून वापरतात. सीआयएचे प्रमुख जनरल पेट्रियस आणि त्यांच्या चरित्रकार बाई एकच जीमेल खातं वापरायचे, आणि मेल न पाठवता ड्राफ्टमध्येच लिहून ठेवायचे, म्हणजे वाटेत कुणाला सापडू नये. एफबीआयला ते सापडलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. ते खातं एखाद्या जोशी कुटुंबाच्या मालकीचं असतं तर हे एवढं लांबलं नसतं. आत्याने ड्राफ्ट उघडून पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, “कोण रे ही?”

पाटील मंडळींची अडचण वेगळी. जीमेलच्या पत्त्यात टिंब दिलं काय, न दिलं काय, फरक पडत नाही. टिंबासकट आणि टिंबाविना पत्ता एकाच खात्यात जातो. हे फार थोड्या पाटलांना माहीत असतं. त्यामुळे आपण मध्ये टिंब घातलं म्हणजे आपला पत्ता वेगळा झाला, अशा समजुतीत अनेक पाटील जन्मभर दुसऱ्याच पाटलाचा पत्ता फॉर्मवर लिहीत राहतात. माझ्या ओळखीच्या एका पाटलांना असा दुसऱ्या पाटलाचा संसार वर्षानुवर्षं मेलने येतो. वीजबिल येतं, विम्याचा हप्ता येतो, मुलीच्या परीक्षेचं हॉल तिकीट येतं. सुरुवातीला ते पुसून टाकायचे. मग मुलीचा निकाल काय लागला असेल या विचाराने त्यांना झोप येईना. एकदा हप्ता चुकतोय असं दिसल्यावर ते अस्वस्थ झाले आणि कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून म्हणाले, “त्यांना कळवा हो.” हेल्पलाइनने सांगितलं, खासगीपणाच्या धोरणामुळे दुसऱ्या ग्राहकाची माहिती आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही.

आणि कंपन्यांच्या मेलखाली ती बारीक अक्षरातली सूचना असते ना? हा मेल केवळ ज्याच्यासाठी आहे त्यानेच वाचावा, चुकून आपल्या हाती आल्यास न वाचता नष्ट करावा. ही सूचना मजकूर संपल्यावर येते. म्हणजे सूचना पाळायची असेल तर मेल खालून वर वाचावा लागेल.

व्हॉट्सॲपने २०१६ साली सगळे संदेश दोन टोकांच्या मध्ये कुलूपबंद केले. मधल्या वाटेवर कंपनीलासुद्धा ते वाचता येत नाहीत, आणि ते कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही भारत सोडून जाऊ, असं कंपनीने २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. मध्ये कुणीच नाही हे मान्य. पण त्यातल्या एका टोकाला आमची मावशी आहे. तिला पाठवलेला संदेश संध्याकाळपर्यंत दोन फॅमिली ग्रुप आणि एका भजनी मंडळात असतो, वर लिहिलेलं असतं ‘कुणाला सांगू नका’.

आपलं पत्र कुणी उघडलं का, हे ओळखायच्या युक्त्याही जुन्या आहेत. १८४४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या इटालियन क्रांतिकारक मॅझिनीला संशय आला की आपली पत्रं पोस्टात उघडली जातात. हा तोच मॅझिनी, ज्याचं पुस्तक पुढे सावरकरांनी मराठीत आणलं. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण आणि केस घालून पाहिले. पत्र पोचलं, खसखस पोचली नाही. चोरी उघड झाली, पार्लमेंटात गदारोळ झाला आणि गृहमंत्री ग्रॅहॅमच्या नावाने लोक पाकिटांवर टोमणे लिहायला लागले.

आजची खसखस मेलच्या आत असते. एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र. मेल उघडला की ते चित्र मागवलं जातं आणि पाठवणाऱ्याला कळतं की उघडला. चोर पकडायला मॅझिनीने जे केलं ते आता जाहिरातवाले गिऱ्हाईक पकडायला करतात. मीही आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तक्रारीचा मेल पाठवताना ही सोय वापरली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीत कबुतरांना दाणे टाकतात आणि त्याचा प्रसाद आमच्या वाळणाऱ्या कपड्यांवर पडतो, असा विषय होता. शेजारधर्म राखायचा म्हणून वर ‘गोपनीय’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मेल पाठवल्याच्या क्षणी उघडल्याची नोंद आली. मी सुखावलो. मग एका जाणत्या मुलाने सांगितलं की सेक्रेटरींचा फोन ॲपलचा आहे, आणि ॲपलने २०२१ साली आणलेली सोय चालू असेल तर कुणी वाचो न वाचो, ती चित्रं यंत्रच उतरवून घेतं.

महिन्याने सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. “मेल? मी मेल बघतच नाही हो. उगाच आपली खासगी माहिती कुठे कुठे जाते. तुम्ही कागदावर द्या, म्हणजे रेकॉर्डला राहतं.”

मी कागदावर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावर नोटीस बोर्डाच्या काचेआड, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह, वर ‘गोपनीय’ हा शब्द रंगीत पेनाने अधोरेखित केलेलं माझं पत्र लागलेलं होतं. समोर पाच-सहा मंडळी उभी होती. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वरून वाचलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मुद्देसूद लिहिलंयत. फक्त दुसऱ्या परिच्छेदात आठ कबुतरं म्हणालायत, ती अकरा करा.”